कोकणातल्या फजरचा कुनूत

वरंधा घाट चढून देशावर आलेला कोकणी मुसलमान तिथल्या मशिदीत फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजाला, उभा राहिला, की एका जागी हमखास अडखळतो. दुसऱ्या रकातीत (नमाजाच्या फेरीत) रुकूतून, म्हणजे कमरेत वाकल्यावर, उठताना त्याचे हात दुवेसाठी वर येतात, तोवर इमाम सजद्याला, म्हणजे कपाळ जमिनीला टेकायला, निघालेला असतो. देशावर हनफी बहुसंख्य, तर कोकणी मुसलमान शाफई; हे सुन्नींचे दोन मजहब, म्हणजे धर्मशास्त्राचे पंथ. त्यांच्या फजरमध्ये याच ठिकाणी रोज कुनूत, म्हणजे उभ्याने मागायची दुवा, म्हटला जातो. तो विसरला तर शेवटी सहवचे, म्हणजे विसरल्याच्या भरपाईचे, दोन सजदे करायचे असतात.

मतभेदाचं मूळ हिजरी सन ४ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२५ मध्ये आहे. अरबस्तानात बिर मऊना इथे धर्म शिकवायला गेलेल्या सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांची, दगा देऊन कत्तल झाली. सुमारे सत्तर जण मारले गेले, असं हदीस सांगते. त्यानंतर पैगंबरांनी महिनाभर नमाजात कत्तल करणाऱ्या टोळ्यांविरुद्ध दुवा मागितली आणि मग थांबवली. हनफींच्या मते असा कुनूत फक्त संकटकाळापुरता. शाफई म्हणतात, थांबली ती शापवाणी. फजरचा कुनूत पैगंबरांनी अखेरपर्यंत सोडला नाही. त्यासाठी ते सहाबी हजरत अनस यांच्या एका रिवायतीचा (कथनाचा) आधार देतात. तिच्या सनदेवर, म्हणजे ती सांगणाऱ्यांच्या साखळीवर, मात्र हदीसचे जाणकार आजही वाद घालतात.

कुनूताचे शब्द पैगंबरांनी नातू हसन यांना वितरसाठी, म्हणजे रात्रीच्या शेवटच्या नमाजासाठी, शिकवले होते. ‘अल्लाहुम्मह्‌दिनी फीमन हदैत’ : ज्यांना तू वाट दाखवलीस त्यांच्यात मलाही घे. ज्यांना सुखरूप ठेवलंस त्यांच्यात मलाही ठेव, दिलंस त्यात बरकत दे, तू नेमलेल्या वाइटापासून वाचव. घरटी एखादा माणूस जहाजावर किंवा आखातात असलेल्या गावांत ‘सुखरूप ठेव’ला किती वजन असेल, ते वेगळं सांगायला नको. इमाम हीच दुवा ‘आम्हाला’ म्हणून मोठ्याने मागतो आणि मागची सफ (रांग) प्रत्येक मागणीवर आमीन म्हणते. पुढे अल्लाहची स्तुती सुरू झाली, की सगळे ती हळू आवाजात स्वतः म्हणतात.

हा रिवाज इथे आला तो समुद्रावरून. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला मसऊदी हा प्रवासी चौलला आला, तेव्हा सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं. येमेन, हद्रमौत, मलबार, भटकळ या सागरी पट्ट्यात शाफई मजहबच रुजला. माहीमचे फकीह (धर्मशास्त्रज्ञ) अली माहिमी (१३७२–१४३१) याच परंपरेतले. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा कोकणी विद्वान आपल्याकडे दर्ग्यापुरताच ओळखला जातो, हे खटकतं.

वितरच्या बाबतीत मात्र नेमकं उलट आहे. हनफी वितरमध्ये बारा महिने कुनूत म्हणतात. शाफई मशिदीत तो रमजानच्या सोळाव्या रात्रीपासून सुरू होतो आणि महिना संपला की थांबतो.