अपस्मारग्रस्त बालकांसाठी आरोग्य चमूचे प्रशिक्षण

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या पाड्यावर सहा महिन्यांच्या बाळाला झटके येऊ लागले, तर बालमेंदूविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचण्याआधी ते बाळ बहुधा आशा कार्यकर्ती, उपकेंद्रातील परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी आणि गावातला खासगी डॉक्टर या साऱ्यांच्या नजरेखालून जाते. असे तज्ज्ञ मोजके, आणि तेही ठाणे, वाशी किंवा मुंबईसारख्या शहरांत. त्यामुळे बाळाचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी वाटेवर भेटलेल्या या माणसांना काय ओळखता आले यावर ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे वारंवार झटके (फिट) येण्याचा आजार आहे, त्यांतील जवळजवळ ८० टक्के लोक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. नेहमीची बरीचशी औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. तरीही मुले उपचारांवाचून राहतात, कारण आजार वेळेत ओळखला जात नाही, किंवा ओळखला गेला तरी पाठपुरावा मध्येच तुटतो. या दोन्ही उणिवा प्रशिक्षणाने भरून काढता येण्याजोग्या आहेत.

तान्ह्या बाळांमधील एक प्रकार या बाबतीत विशेष बोलका आहे. १८४१ मध्ये विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लिश डॉक्टरांनी ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाला पत्र लिहून स्वतःच्या मुलाचे विचित्र झटके वर्णन केले होते. मान पुढे झुकते, हातपाय क्षणभर आखडतात, एक-दोन सेकंदांत सारे संपते आणि थोड्याच वेळात पुन्हा तेच घडते. झोपेतून उठल्यावर अशी मालिकाच लागते. घरच्यांना वाटते की बाळ दचकते आहे किंवा त्याच्या पोटात कळ येत आहे, आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही तसेच वाटते. पण याच काळात बाळ हसेनासे होते, नजर देईनासे होते, शिकलेल्या गोष्टी विसरू लागते. ईईजी या तपासणीत मेंदूच्या विद्युत लहरी पार विस्कळीत झालेल्या दिसतात. या प्रकारावर झटक्यांची नेहमीची औषधे बहुधा चालत नाहीत. एसीटीएच हे संप्रेरक, मोठ्या मात्रेतील प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबाट्रिन द्यावे लागते, आणि उपचार जितके लांबतात तितकी बौद्धिक वाढीची हानी अधिक होण्याची भीती असते. प्रेडनिसोलोन हे काही दुर्मीळ किंवा महाग औषध नाही. म्हणून नेहमीचे सिरप देऊन ‘महिनाभराने दाखवा’ असे सांगितले गेले, तर तो महिना बाळाला फार महागात पडतो.

शाळकरी वयातला एक प्रकार याच्या अगदी उलट, शांत असतो. ऐरोलीतील एखाद्या शाळेत तिसरीतली मुलगी दिवसातून अनेकदा दहा-पंधरा सेकंद शून्यात पाहत राहते, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि मग काहीच झाले नाही अशा रीतीने लिहू लागते. शिक्षक तक्रार करतात की तिचे लक्ष नसते. साध्या बाह्यरुग्ण विभागात तिला तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला किंवा कागदी भिरभिऱ्यावर फुंकर मारायला सांगितले, तर असा झटका डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत येण्याची बरीच शक्यता असते. या मुलीला कार्बामाझेपिन हे झटक्यांवरचे नेहमीचे औषध दिले तर झटके कमी होण्याऐवजी वाढू शकतात, त्यामुळे ‘फिट येते’ एवढेच निदान पुरेसे ठरत नाही. चूक उलट दिशेनेही होते: तापात आलेली आकडी, रडताना श्वास रोखून निळे पडणे किंवा साधी भोवळ यांना अपस्मार ठरवून मुलाला वर्षानुवर्षे औषधे दिली जातात. अशा वेळी पालकांनी मोबाईलवर टिपलेले चित्रण मोलाचे ठरते, आणि ते कसे टिपावे हे परिचारिकेने समजावून सांगणे हाही प्रशिक्षणाचा भाग असायला हवा.

ब्रिटनमधील बालमेंदूविज्ञान संघटनेने याच गरजेतून सर्वसाधारण बालरोगतज्ज्ञांसाठी एक दिवसाचा अभ्यासक्रम तयार केला आणि तो भारतातही घेतला जातो. मात्र माझ्या मते एका दिवसाचे शिक्षण ही सुरुवात झाली. महिन्याभरानंतर समोर अवघड रुग्ण उभा राहतो तेव्हा विचारायला कुणीतरी असावे लागते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ‘एको’ नावाची पद्धत सुरू केली. तिच्यात दूरवरच्या केंद्रांतील डॉक्टर ठरावीक दिवशी दृक्‌श्राव्य माध्यमातून तज्ज्ञांसमोर आपले रुग्ण मांडतात, सर्वजण चर्चा करतात, आणि रुग्ण मात्र आपल्या गावीच, आपल्याच डॉक्टरांकडे राहतो. हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराच्या उपचारांवरील २०११ च्या अभ्यासात अशा केंद्रांतील यशाचे प्रमाण ५८.२ टक्के, तर विद्यापीठाच्या रुग्णालयातील ५७.५ टक्के होते. पुढे ही पद्धत बालकांच्या अपस्मारासाठीही वापरली गेली.

अशा प्रशिक्षणाचा खरा कस रुग्णाच्या कागदपत्रांत लागतो. झटक्याचा प्रकार लिहिला आहे का, मुलाच्या वजनानुसार मात्रा तपासली आहे का, झोप, अभ्यास आणि मनःस्थितीविषयी विचारले आहे का, हे पाहण्यासाठी चमूने महिन्याला वीसेक कागदपत्रे जरी चाळली, तरी कुठे कमी पडते ते कळते. मग एक छोटा बदल करायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायचे. पालिका रुग्णालयाच्या गर्दीत डॉक्टरांना एका मुलामागे काही मिनिटेच मिळतात. म्हणून औषध अचानक बंद करू नये हे औषधनिर्मात्याने (फार्मासिस्टने) सांगावे, आणि झटका आल्यावर काय करावे याचा एक पानी मराठी आराखडा परिचारिकेने पालकांसोबत बसून भरावा, ही कामाची वाटणी मला अत्यावश्यक वाटते.

त्या पानावर लिहायचे ते सोपे आहे: घड्याळ पाहावे, मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत मिडाझोलाम या झटका थांबवणाऱ्या औषधाचा फवारा नाकात मारावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत किंवा मुरबाडच्या आडवाटेवर रुग्णवाहिकेला लागणारा वेळ पाहता, हा फवारा आईच्या हाताशी असणे आणि तो तिने परिचारिकेसमोर एकदा हाताळलेला असणे फार महत्त्वाचे आहे. कांदा हुंगवणाऱ्या आजीला मात्र खडसावू नये. त्या घरात मुलाजवळ दिवसभर बहुधा त्याच असतात, त्यामुळे कुशीवर वळवण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे.

हे सारे शिकवण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांमध्ये एकदा जातात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत झटक्यांचे विकार आहेतच. पथकातील आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांना वर सांगितलेले दोन प्रकार चित्रफितींवरून ओळखायला शिकवले आणि महिन्यातून एकदा तज्ज्ञांशी जोडून दिले, तर शहापूरच्या बाळाचे कित्येक आठवडे वाचतील.

एक मुद्दा प्रशिक्षणात हमखास मागे पडतो. मुले मोठी होतात, आणि बालरोग विभागातून प्रौढांच्या विभागात जाताना अनेकांचा उपचारच सुटतो. मुलींच्या बाबतीत तर सोडियम व्हॅल्प्रोएट हे प्रभावी औषध गरोदरपणात घेतल्यास बाळात जन्मजात व्यंगे आणि बौद्धिक विकासाच्या अडचणी निर्माण होण्याचा धोका वाढतो. म्हणून मुलगी बारा-तेरा वर्षांची होताच चमूने तिच्या औषधाचा फेरविचार करावा, तिच्याशी आणि तिच्या आईशी मोकळेपणाने बोलावे, आणि पुढच्या डॉक्टरांच्या नावे तिच्या झटक्यांचा प्रकार, आजवर दिलेली औषधे व त्यांचे परिणाम लिहिलेले पत्र तिच्या हाती द्यावे.