पळी पळी तेल: तापीकाठच्या पौराणिक कादंबरीची पार्श्वभूमी

खान्देशात पुराणाचा धागा धरून ऐतिहासिक कादंबरी रचायची म्हटली की अश्वत्थामा हटकून समोर येतो. सातपुड्यात अस्तंबा आणि बऱ्हाणपूरच्या पुढे असीरगड, दोन्हीकडे तो अजून फिरतो अशी श्रद्धा आहे. अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीत आदिवासींची यात्रा भरते. असीरगडच्या महादेवाला पहाटे तो फूल वाहून जातो, असं तिथे सांगतात. कपाळाच्या जखमेसाठी तो वाटसरूकडे तेल मागतो, ही तर घरोघरची गोष्ट.

लिहिणाऱ्याने आधी यातले थर वेगळे करावेत. महाभारताच्या सौप्तिक पर्वातला कृष्णाचा शाप तीन हजार वर्षांचा आहे, कलियुग संपेपर्यंतचा नाही. पू-रक्ताची दुर्गंधी आणि निर्जन रानात एकट्याने भटकणं एवढंच तिथे येतं. डोक्यावरचा मणीही तो स्वतःच काढून देतो. तलवारीने केसांसकट मणी काढून घेण्याचा प्रसंग भागवतातला, आणि तेलाची याचना लोककथेतली. तिन्ही एकत्र करायला हरकत नाही, फक्त शापाची मुदत पहिल्याच प्रकरणात पक्की करावी. सुटकेचे दिवस मोजणारा माणूस आणि सुटकाच नसलेला माणूस सारखे वागत नाहीत. मुदत मध्येच बदलली की पात्र हातातून निसटतं.

मग काळ ठरवावा. आमच्या मते या कथेला पाटण्याइतकी चांगली जागा नाही. चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव यादवांच्या काळात निकुंभ घराण्याकडे होतं. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखावर शके ११२८, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण अशी नोंद आहे. मजकुराचा बराचसा भाग संस्कृत, पण शेवटी मराठी येते आणि एकदम बाजार दिसू लागतो. पाटणात जो माल उतरेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राउळाला, म्हणजे राजाला, मिळणारं उत्पन्न मठाला, गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी (सुपाऱ्या), आणि जितके घाणे चालतात त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. आठशे वर्षांपूर्वीचं तेलाचं माप दगडावर कोरलेलं मिळतं आणि लोककथेतला शापित योद्धा तेलच मागत फिरतो. कादंबरीकाराला याहून मोठी देणगी कोणती? मठाच्या तेलातली एक पळी रोज कमी भरते, एवढ्यावरून कथा सुरू होऊ शकते.

ग्रहणाची तारीखही वाया घालवू नये. श्रावणातलं आभाळ बहुधा भरलेलं असतं, चंद्र दिसेलच असं नाही. गणित मात्र स्पर्श आणि मोक्षाची, म्हणजे ग्रहण लागण्याची आणि सुटण्याची, घटिका आधीच सांगतं. न दिसणाऱ्या ग्रहणावर विश्वास ठेवून दान सोडणारे लोक, हा प्रसंग युद्धाच्या प्रकरणापेक्षा जास्त काही सांगून जाईल.

प्रेमकथा बाहेरून आणायची गरज नाही, ती तापी नदीच्या नावातच आहे. आदिपर्वात गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणतो आणि अर्जुन कारण विचारतो, तेव्हा ही कथा येते. शिकारीला निघालेल्या संवरण राजाचा घोडा तहान-भुकेने मरतो. पायी फिरताना त्याला सूर्यकन्या तपती दिसते आणि दिसेनाशी होते. राजा मूर्च्छित पडतो. ती परत येते, पण मी स्वतंत्र नाही, वडिलांकडे मागणं घाल, असं स्पष्ट सांगते. राजा सूर्याची आराधना करतो, बाराव्या दिवशी वसिष्ठ येतात आणि सूर्याकडे जाऊन तिला घेऊन येतात. पुढची बारा वर्षं दोघं डोंगरावर रमतात आणि तिकडे राज्यात बारा वर्षं पाऊस पडत नाही. वसिष्ठ राजाला परत नेतात तेव्हा पाऊस पडतो. त्यांचा मुलगा कुरू, म्हणजे कौरव-पांडवांचा पूर्वज. प्रेमाची किंमत दुष्काळाने चुकवायला लावणारी ही कथा खान्देशी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. महाभारतात मात्र तो डोंगर सातपुडा नाही. तपतीची तापी पुराणांनी केली. आषाढ शुद्ध सप्तमीला तापी जयंती असते.

भास्कराचार्यांची लेक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लीलावतीच्या लग्नाची, घटिकापात्राच्या भोकात मोती अडकून मुहूर्त टळल्याची गोष्ट गोड आहे, पण ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ मध्ये ‘लीलावती’ ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्यातून आली. पाटण्याच्या मठातल्या विद्यार्थ्याने ती सांगू नये.

आता नेहमी होणाऱ्या चुका. त्या काळातल्या पात्राच्या तोंडी ‘खान्देश’ नको. त्याचा मुलूख सेऊणदेश. खान्देशावरची फारुकी सुलतानांची सत्ता १३८२ नंतरची, आणि अकबराने असीरगड घेतला तो १६०१ मध्ये. चाळीसगाव ते बऱ्हाणपूर आजही दीडशे किलोमीटरच्या पुढे भरतं. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या बैलगाडीला आठवडा सहज लागतो, आणि श्रावणात तापीला पूर असला तर गाडी अलीकडच्या काठावरच थांबते. ताटात दादर ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी चालेल, वांग्याचं भरीतही चालेल, पण मिरी घालून. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. भुईमूगही तसाच नंतरचा, म्हणून अश्वत्थाम्याच्या जखमेवर पडणारं तेल तिळाचं, करडईचं नाहीतर जवसाचं लिहावं.