हॅम रेडिओचा परवाना कसा काढायचा? नागपूरकरांसाठी अर्ज, परीक्षा आणि कागदपत्रं

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव ‘वसंत’ होतं आणि आधार कार्डावर ‘वसंतराव’. विदर्भात हे घरोघरी सापडतं. माझा हॅम रेडिओचा अर्ज त्या एका ‘राव’पायी अडकला, म्हणून सुरुवात इथूनच करतो. पोर्टल उघडण्याआधी जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा शेजारी शेजारी ठेवा आणि नावं अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. फरक दिसला तर आधी तो दुरुस्त करून घ्या. तेवढे दिवस अभ्यासाला मिळतात.

हॅम रेडिओ म्हणजे हौसेखातर चालवलेलं स्वतःचं बिनतारी केंद्र. मोबाइलचा टॉवर नको, इंटरनेट नको. गच्चीवर नीट तार ताणली आणि हवा साथ देत असली, तर धरमपेठेतल्या घरातून हजारो किलोमीटरवरच्या माणसाशी बोलता येतं. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हॅम मंडळींचा एक गट अंदमानात होताच. बाकीचे संपर्क कोलमडलेले असताना त्यांनी पोर्ट ब्लेअरहून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवली. या छंदाबद्दल मला जो आदर आहे तो अशा कामामुळे.

पात्रता सोपी आहे. अर्जदार भारतीय नागरिक हवा आणि वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत. पदवीची अट नाही. कॉमर्स शिकलेला, दुकान चालवणारा, निवृत्त शिक्षक, कुणीही बसू शकतो.

परवाना दोन प्रकारचा असतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला फक्त लेखी परीक्षा: एका भागात रेडिओचं तंत्र, दुसऱ्यात नियम. प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. जनरल ग्रेडची लेखी परीक्षा जास्त कठीण आणि शिवाय मोर्स, म्हणजे ठिपके आणि रेघांची संकेतलिपी येते, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने घ्यायची आणि पाठवायची. रिस्ट्रिक्टेडवाल्याचं कॉलसाइन, म्हणजे हवेत ओळख सांगायची अक्षरं-आकडे, व्हीयू३ ने सुरू होतं, जनरलवाल्याचं व्हीयू२ ने. जनरलला ४०० वॉटपर्यंत ताकद वापरता येते, रिस्ट्रिक्टेडला बरीच कमी. तरी नवशिक्याला मी रिस्ट्रिक्टेडच सुचवतो. कमी ताकदीत अँटेना नीट बांधायची सवय लागते, आणि मोर्स मागाहून सावकाश शिकता येतो. लेखी अभ्यासात मात्र एक चूक बरेच जण करतात. ओहमचा नियम, ट्रान्झिस्टर घोकतात आणि नियमांचा भाग परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ढकलतात. क्यू कोड (क्यू ने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत), लॉगबुक (संपर्कांची नोंदवही), कोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर काय चालतं, हे पाठ नसेल तर इंजिनिअरसुद्धा त्या भागात अडकतो.

अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. मोबाइल नंबर आणि ईमेल देऊन नोंदणी करा, अ‍ॅमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर सर्टिफिकेटचा, म्हणजे एएसओसीचा अर्ज निवडा (परीक्षेसाठीचा अर्ज हाच), फोटो, सही आणि वरची कागदपत्रं अपलोड करा, शुल्क भरा. पावतीची प्रत जपून ठेवा. नागपूर हे या परीक्षेचं जुनं केंद्र आहे, त्यामुळे वऱ्हाडातल्या, चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना मुंबई गाठावी लागत नाही. तारखा मात्र रोजच्या नसतात. सूचना निघाली की लगेच अर्ज टाका.

इथे अनेकांचा गैरसमज होतो. परीक्षा पास झालात म्हणजे परवाना मिळाला, असं नाही. निकालानंतर स्टेशनच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज असतो. त्यात स्टेशन कुठे असेल तो पत्ता द्यायचा, कॉलसाइनसाठी आपली पसंतीची अक्षरं सुचवायची आणि परवान्याचं शुल्क भरायचं: २० वर्षांसाठी १००० रुपये, आजीवनसाठी २००० रुपये. मग पडताळणी होते, आणि खरा वेळ तिच्यात जातो. काही महिने धरूनच चला.

पत्त्याचा प्रश्न नागपुरात शिकायला आलेल्या मुलांना हमखास पडतो. खोली भाड्याची, घर गोंदियाला, मग लिहायचं काय? माझं सांगणं असं, की जिथे अँटेना खरोखर उभी राहणार आणि चौकशीला कुणी आलं तर तुम्ही किंवा घरचं कुणी भेटेल, तोच पत्ता द्या. वर्षाला खोली बदलणाऱ्याने इथला पत्ता दिला की पडताळणी रेंगाळते. पुढे स्टेशन हलवलंत तर नवा पत्ता कळवावा लागतो.

परवाना हातात येईपर्यंत ट्रान्समीटर घेऊ नका. ऑनलाइन दिसणारा स्वस्त वॉकी-टॉकी खेळणं म्हणून विकला जातो, पण विनापरवाना तो बाळगणं आणि वापरणं कायद्याने गुन्हा आहे. परवाना मिळाल्यावरही या बँडवर धंद्याचं बोलणं किंवा गाणी लावणं चालत नाही.

वाट पाहण्याचे महिने वाया घालवू नका. इंटरनेटवरून ऐकता येणारे रिसीव्हर आहेत. सकाळी ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर देशभरातले हॅम जमतात, एकमेकांना सिग्नलचा रिपोर्ट देतात, हवामान विचारतात, नव्या माणसाला सांभाळून घेतात. वही घेऊन बसा आणि ऐकू आलेलं प्रत्येक कॉलसाइन वेळेसकट लिहा. मी अशी एक दोनशेपानी वही भरली होती. कॉलसाइन मिळाल्यावर माझ्या पहिल्या हाकेला ओ दिली ती त्याच वहीत नोंदलेल्या एका स्टेशनने.