रासायनिक तंत्रज्ञानाचे पदवी-शिक्षण, मुंबईतील

प्रयोगशाळेतील रासायनिक विक्रिया कारखान्याच्या प्रमाणावर, सुरक्षितपणे व परवडेल अशा खर्चात कशा घडवून आणाव्यात, हे शिकवणारा चार वर्षांचा अभियांत्रिकी पदवी अभ्यासक्रम. मुंबईत तो दोन रूपांत आढळतो. सर्व रासायनिक उद्योगांना सामाईक असलेली तत्त्वे शिकवणारी रासायनिक अभियांत्रिकी हे एक रूप; रंजकद्रव्ये, तेले, बहुवारिके (पॉलिमर), पृष्ठलेपन, अन्न, औषधे अशा एकेका उद्योगाला वाहिलेल्या तंत्रज्ञान शाखा हे दुसरे. दुसरे रूप कानपूर व नागपूर येथेही रुजले. मुंबईत दोन्ही रूपे आरंभापासून एकाच छताखाली नांदली.

आरंभाविषयी मतभेद : मुंबईतील या शिक्षणाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (स्थापना १८८७; आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था) उपयोजित रसायनशास्त्राचे शिक्षण १९३३ पूर्वीपासून मिळत असे, म्हणून काही जण आरंभाचा मान तिला देतात. परंतु ते पदविकेचे शिक्षण होते. विद्यापीठाची पदवी ही कसोटी लावल्यास १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने सुरू केलेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग हाच आरंभबिंदू ठरतो आणि तेच मत अधिक सयुक्तिक दिसते. अखिल भारतीय अग्रक्रम मात्र मुंबईकडे जात नाही. बंगालमध्ये, पुढे जादवपूर विद्यापीठात परिणत झालेल्या संस्थेत, हिरालाल रॉय यांनी १९२१ च्या सुमारास रासायनिक अभियांत्रिकीचे अध्यापन सुरू केले होते.

दुसरा वाद स्वरूपाचा आहे. १९३३ मधील अभ्यासक्रम हा आजच्या अर्थाने प्रथम पदवीचा नव्हता. विज्ञानाची पदवी घेतलेल्यांनाच त्यात प्रवेश मिळे व दोन वर्षांनी बी.एस्‌सी. (टेक.) ही पदवी मिळे. इंटर सायन्सनंतरचा रासायनिक अभियांत्रिकीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम नंतरचा. रघुनाथ माशेलकर यांनी १९६६ मध्ये त्यातूनच पदवी घेतली. तंत्रज्ञान शाखांत बी.एस्‌सी.नंतर प्रवेश देण्याची रीत त्यापुढेही बराच काळ टिकली. त्यामुळे जुन्या पिढीतील ‘टेक’वाले व ‘इंजिनिअरिंग’वाले यांच्या वयात आणि रसायनशास्त्राच्या तयारीत फरक असे. बारावीनंतरच्या चार वर्षांच्या बी.टेक.मुळे तो मिटला. रसायनशास्त्राचा पाया त्यात काहीसा उथळ झाला, अशी तक्रार त्या पिढीकडून अजूनही ऐकू येते आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही.

विभागाच्या स्थापनेमागे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा आग्रह आणि कुलगुरू विठ्ठल नारायण चंदावरकर यांचा पुढाकार होता. चंदावरकर गिरणी उद्योगाशी निकटचे संबंधित होते. सुरुवातीच्या दोनच शाखा, वस्त्ररसायन व रासायनिक अभियांत्रिकी, कशा ठरल्या हे यावरून कळते. गिरणगावाला विरंजन, रंगाई व छपाई जाणणारी माणसे हवी होती. पहिले प्रमुख रॉबर्ट ब्रिज फॉर्स्टर. त्यांच्यानंतर १९३८ मध्ये आलेले के. वेंकटरामन हे पहिले भारतीय प्रमुख. रंजकद्रव्यांच्या संशोधनाला त्यांनी आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संचालक म्हणून गेले. विभाग आरंभी फोर्टातील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये भरे. १९४३ मध्ये तो माटुंग्याच्या सध्याच्या जागेत आला. ‘यूडीसीटी’ (युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) हे नाव लोकांच्या तोंडी इतके बसले की २००२ मधील नामांतर व २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) यांनंतरही माटुंग्यात तेच चालते.

दोन अध्यापनपद्धती : जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७ मध्ये मँचेस्टर येथे दिलेली व्याख्याने हा या विद्याशाखेचा उगम मानण्याचा प्रघात आहे, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १८८८ मध्ये पहिला चार वर्षांचा अभ्यासक्रम आखला. १९१५ मध्ये आर्थर लिटल यांनी एकक क्रियांची कल्पना मांडली. साखर असो वा साबण, तापवणे, गाळणे, ऊर्ध्वपातन, सुकवणे या क्रिया त्याच. तेव्हा उद्योगवार शिकवण्याऐवजी क्रियावार शिकवावे, असा तिचा आशय. ही पद्धती जगभर जिंकली. मुंबईने ती स्वीकारली, पण उद्योगवार शाखाही सोडल्या नाहीत. याकडे कोणी मागासलेपण म्हणून पाहतात. मुंबई परिसरातील रंग, रसायने व औषधांचे मध्यम कारखाने पाहता ती व्यवहारी निवड होती, असे म्हणणे अधिक योग्य.

रसायनशास्त्राच्या व या पदवीच्या विद्यार्थ्यातील फरक सल्फ्यूरिक अम्लाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. कागदावर सल्फर ट्रायऑक्साइड व पाणी यांपासून अम्ल बनते. कारखान्यात मात्र हा वायू थेट पाण्यात सोडत नाहीत. तसे केल्यास अम्लाचे दाट धुके होते व ते पकडणे फार कठीण असते. म्हणून तो सुमारे ९८ टक्के अम्लात शोषवतात व मागाहून पाणी घालून तीव्रता राखतात. त्याआधीचे सल्फर डायऑक्साइडचे ऑक्सिडीकरण उष्णतादायी व व्युत्क्रमी (दोन्ही दिशांनी चालणारे) आहे : तापमान वाढवले तर वेग वाढतो, पण समतोल मागे सरकतो. त्यामुळे व्हॅनेडियम पेंटॉक्साइड या उत्प्रेरकाच्या थरांमधून जाताना वायू टप्प्याटप्प्याने थंड करावा लागतो. ही तडजोड आकड्यांत मांडता येणे म्हणजेच रिॲक्टरचा अभिकल्प (डिझाइन).

प्रमाणवाढीचे गणितही असेच. भांड्याची सर्व मापे दुप्पट केली की घनफळ आठपट होते, पृष्ठभाग चौपटच. म्हणजे आतील प्रत्येक लिटरमागे थंड करायला निम्माच पृष्ठभाग उरतो. काचेच्या फ्लास्कमध्ये शांतपणे पार पडणारे नायट्रीकरण (नायट्रो-गट जोडणारी उष्णतादायी विक्रिया) मोठ्या भांड्यात हाताबाहेर जाऊ शकते ते यामुळे. भोपाळ दुर्घटनेनंतर (१९८४) प्रक्रिया-सुरक्षेचे महत्त्व अभ्यासात वाढले.

पहिल्या वर्षांत द्रव्य व ऊर्जा यांचे संतुलन शिकवतात. मिठाच्या द्रावणाचे विद्युत्‌-विच्छेदन करून १ टन कॉस्टिक सोडा काढला की ०.८९ टन क्लोरीन व २५ किग्रॅ. हायड्रोजन निघतोच; क्लोरीनला गिऱ्हाईक नसेल तर सोड्याचा कारखाना चालत नाही, हे हिशेबातूनच उमगते. पुढे द्रवगतिकी, उष्णता व वस्तुमान संक्रमण, ऊष्मागतिकी, विक्रिया अभियांत्रिकी, नियंत्रण असा क्रम असतो. माटुंग्यात अंतिम वर्षी ‘होम पेपर’ असतो : एखादा पदार्थ नेमून दिला जातो व विद्यार्थ्याने प्रक्रियेची निवड, यंत्रसामग्रीची मापे व खर्चासह त्याच्या कारखान्याचा आराखडा करावयाचा असतो.

प्रवेश व अन्य संस्था : आयसीटीत राज्यातील विद्यार्थ्यांना एमएचटी-सीईटीमार्फत, अखिल भारतीय जागांसाठी जेईई मेनमार्फत प्रवेश मिळतो. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (१९५८) रासायनिक अभियांत्रिकी विभाग आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न काही खाजगी महाविद्यालयांतही ही शाखा चालते.

उद्योगक्षेत्र : तुर्भ्याचे (ट्रॉम्बे) तेलशुद्धीकरण कारखाने १९५० च्या दशकात, तेथील खत कारखाना १९६० च्या दशकात उभा राहिला; त्यापाठोपाठ ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ, डोंबिवली, तळोजे, रसायनी येथे कारखानदारी पसरली. विद्यार्थ्यांची इन-प्लांट ट्रेनिंग आणि पहिली नोकरी बहुधा याच पट्ट्यात होत असे. गिरण्या बंद पडल्या, ठाणे-बेलापूर रस्त्यावरील मोठ्या रसायन कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती आल्या, आणि नव्या नोकऱ्या दहेज, अंकलेश्वर या गुजरातेतील वसाहतींकडे सरकल्या. आयसीटीने २०१८ मध्ये जालना व भुवनेश्वर येथे शाखा-परिसर सुरू केले.