चर्चच्या वेबसाइटसाठी पाळक व सेवकांचे फोटो : काढण्याआधी वाचा

सांगली-मिरज भागातल्या एखाद्या चर्चच्या वेबसाइटवर ‘आमचे सेवक’ हे पान उघडा. पाळकसाहेबांचा निळ्या पडद्यासमोरचा पासपोर्ट फोटो, सेक्रेटरींचा लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला (खांद्यावर दुसऱ्याची बोटं तशीच), संडे स्कूलच्या बाईंचा सेल्फी. यातला एखादा बदलून पान सुधारत नाही. सगळे फोटो एकाच जागी, एकाच उजेडात, एकाच अंतरावरून काढावे लागतात. त्याला बरा मोबाईल आणि ट्रायपॉड पुरतो.

जागा

वेदीसमोर उभं करायचा मोह टाळा. मागे खिडकी असली की चेहरा काळा पडतो. बाजूला रंगीत काचा असतील तर गालावर लाल-निळे डाग येतात, आणि ते नंतर काढणं हे वेबसाइट तयार करणाऱ्या आमच्याकडचं सगळ्यात किचकट काम आहे.

व्हरांडा उत्तम : वर छप्पर, समोर मोकळं आकाश. माणूस सावलीत हातभर आत, तोंड उजेडाकडे, मागची भिंत पाच-सहा फूट लांब. काळ्या दगडाची भिंत देखणी असते, पण काळे केस तिच्यात हरवतात; फिकट भिंत मिळाली तर तीच घ्या. पुढ्यातल्या हिरवळीवर किंवा लाल फरशीवर ऊन पडलं असेल तर हनुवटीखाली तोच रंग चढतो.

वेळ उपासनेआधीची, सकाळी आठ-नऊची. उपासना सुटल्यावर भर उन्हात काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. ढगाळ दिवशी मात्र कधीही चालेल. आत काढायचेच असतील तर खिडकीशेजारी, आणि ट्यूबलाइट बंद करून. दोन तऱ्हांचे उजेड मिसळले की अर्ध्या चेहऱ्याचा रंग वेगळा येतो.

मोबाईल

मागचा कॅमेरा, २x (दुप्पट झूम), अंतर पाच-सहा फूट, लेन्स डोळ्यांच्या उंचीवर. साध्या लेन्सने जवळून काढला की नाक मोठं दिसतं. पोर्ट्रेट मोड (मागचं धूसर करणारा) बंद ठेवा. तो चष्म्याची काडी आणि केसांच्या कडा खातो. ब्यूटी फिल्टरही बंद. सावळ्या माणसाला गोरं करून द्या असं कृपया सांगू नका.

पांढऱ्या झग्यात फोटो हमखास बिघडतो. एवढा पांढरा रंग पाहून कॅमेरा सगळंच गडद करतो आणि चेहरा काळवंडतो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, मग उजेड हळूहळू वाढवा. झग्याच्या चुण्या दिसेनाशा व्हायला लागल्या की थांबा. काळ्या कोटात याच्या उलट. चष्मा चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्या, किंवा काड्या कानावरून जराशा उचला. प्रत्येकाचे आठ-दहा तरी काढा.

आमच्याकडे पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जाऊन बारीक तपशील जातो. डोक्याभोवती भरपूर जागा सोडा. ४:५ मापात आम्ही कापतो : ८०० × १००० पिक्सेल, १५० केबीच्या आत, सगळ्यांचे डोळे एका रेषेत. मुलं दिसत असतील तर पालकांची लेखी संमती सोबत हवी.

पाळकांची बदली होते, कमिटी बदलते. नव्या माणसाचा फोटो जुन्यांशी जुळायला हवा. म्हणून फरशीवर माणसाची आणि ट्रायपॉडची खूण, ट्रायपॉडची उंची, वेळ आणि लेन्स एका कागदावर लिहा आणि तो चर्चच्या ऑफिसातल्या फाइलला लावा. कुणाच्या मोबाईलमध्ये ठेवलात तर तो त्या माणसाबरोबरच जातो.