साडेबारा मिलिग्रॅम

स्पंज हा प्राणी आहे, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण पटत नाही. डोकं नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत. खडकाला चिकटून बसायचं, अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाणी आत ओढायचं, त्यातले जिवाणू गाळून खायचे आणि पाणी बाहेर सोडायचं, एवढाच दिनक्रम. शत्रू आला तर पळायची सोय नाही. तरीही बरेच मासे त्याच्या वाटेला जात नाहीत, कारण कित्येक स्पंजांच्या अंगात विषं मुरलेली असतात. कर्करोगाच्या संशोधकांचा डोळा आहे तो या विषांवर.

सुरुवात झाली १९५०च्या सुमारास. वर्नर बर्गमन आणि रॉबर्ट फीनी यांना फ्लोरिडाजवळच्या उथळ पाण्यातल्या एका स्पंजात डीएनएच्या घटकांसारखे दिसणारे रेणू सापडले. फरक एवढाच, की त्यांतली साखर वेगळी होती, अरॅबिनोज. पेशी अशा खोट्या घटकाला फसते का, या विचारातून पुढे प्रयोगशाळेत सायटाराबिन तयार झालं. पेशी ते खरं समजून डीएनएत गुंफते आणि साखळी तिथेच अडते. १९६९मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिलं जातं. सायटाराबिन जसंच्या तसं स्पंजातून काढलेलं नाही; स्पंजाने दिली ती कल्पना.

दुसरी गोष्ट जास्त कष्टाची आहे. १९८६मध्ये हिराता आणि उएमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई नावाचा काळा स्पंज जमवला, तब्बल ६०० किलो. त्याचा अर्क काढून, पुन्हा पुन्हा वेगळा करत, हाती काय लागलं? १२.५ मिलिग्रॅम हॅलिकॉन्ड्रिन बी. तापावरची ५०० मिलिग्रॅमची गोळी चाळीस तुकड्यांत फोडली, तर त्यातला एक तुकडा. पण तेवढ्याशा पदार्थाने कर्करोगाच्या पेशींची वाढ ज्या जोरात रोखली, ते पाहून त्याचा पाठपुरावा सोडवेना.

हा रेणू करतो काय? पेशी दुभंगताना गुणसूत्रांच्या प्रती दोन टोकांना ओढून न्याव्या लागतात. हे काम सूक्ष्मनलिका करतात. टोकाला वीट लावत जावं तशा त्या प्रथिनांच्या तुकड्यांनी वाढतात आणि काम झालं की सुट्या होतात. हॅलिकॉन्ड्रिन जाऊन बसतं ते वाढत्या टोकावर. नलिका खुंटते, गुणसूत्रं मध्येच लोंबकळतात, पेशी अडकते आणि अखेर मरते.

प्रश्न होता मालाचा. एवढ्या औषधासाठी समुद्राचा तळ खरवडून काढणं शक्यही नव्हतं आणि शहाणपणाचंही नव्हतं. हार्वर्डमध्ये योशितो किशी यांच्या गटाने १९९२मध्ये हा अवाढव्य रेणू पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवला. त्या खटाटोपातूनच एक सुखद गोष्ट कळली: परिणाम साधतो तो रेणूचा साधारण अर्धा भाग, बाकीचं शेपूट नसलं तरी चालतं. मग आयसाय कंपनीने तो अर्धा भाग थोडा बदलून एरिब्युलिन तयार केलं. साठाहून अधिक टप्प्यांची ही घडण आहे. कारखान्यात बनणाऱ्या औषधांत इतकी लांबलचक कृती क्वचितच आढळते.

शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर या औषधाला २०१०मध्ये मान्यता मिळाली. आधीचे बरेच उपचार घेऊन झालेल्या ७६२ स्त्रियांवर चाचणी झाली होती. एरिब्युलिन घेणाऱ्या निम्म्या स्त्रिया १३.१ महिन्यांहून जास्त जगल्या; इतर उपचार घेणाऱ्यांत हाच मध्यक १०.६ महिने होता. म्हणजे अडीच महिने. मथळ्यात शोभणारा हा आकडा नव्हे, पण त्या टप्प्यावर अडीच महिने किती मोठे असतात ते त्या घरातल्यांना विचारावं. शिवाय चेतातंतूंतही अशाच सूक्ष्मनलिका असतात, त्यामुळे हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा हे दुखणं बऱ्याच जणींना औषधाबरोबर येतं.

मौज म्हणजे, यातलं श्रेय स्पंजाचंच आहे का, हीदेखील शंका आहे. हॅलिकॉन्ड्रिन एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या स्पंजांतही सापडतं. स्पंजाच्या शरीरात सूक्ष्मजीवांची दाट वस्ती असते. थिओनेला स्विन्होई या स्पंजातली कित्येक रसायनं प्रत्यक्षात एन्टोथिओनेला नावाचा त्यातला जिवाणू बनवतो, हे २०१४मध्ये जनुकांवरून दिसून आलं. भाडेकरू विष बनवतो आणि घरमालक सुरक्षित राहतो.

म्हणून ‘स्पंजात सापडलं कर्करोगावर औषध’ असं वाचलं की मी आधी बघतो, पेशी प्रयोगशाळेच्या बशीतल्या होत्या की माणसातल्या. बशीत पेशी मारणारे पदार्थ ढीगभर सापडतात. डिस्कोडर्मोलाइडचंच बघा. बहामाजवळच्या स्पंजातला हा रेणूही सूक्ष्मनलिकांवरच काम करतो. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी ३९ टप्प्यांत तो चक्क ६० ग्रॅम बनवून दाखवला. मालाचा प्रश्न मिटला होता. पहिल्याच टप्प्याच्या मानवी चाचणीत रुग्णांच्या फुफ्फुसांना इजा होऊ लागली आणि काम तिथेच थांबवावं लागलं.