मोठे टायर आणि ट्रकचे प्रभावी गिअर गुणोत्तर

ट्रकला किंवा पिकअपला मूळ मापापेक्षा जास्त व्यासाचे टायर चढवले की गिअरबॉक्सला हात न लावताही सगळे गिअर एकदम बदलल्यासारखे होतात. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणून त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी लागतात. पण त्याच प्रमाणात जमिनीवर मिळणारी ओढही घटते. इंजिनापासून रस्त्यापर्यंतच्या साखळीतला टायर हा शेवटचा गिअर आहे. त्याचा परिणाम पहिल्या गिअरपासून टॉपपर्यंत आणि रिव्हर्सलाही सारखाच होतो.

हिशेब सोपा आहे. क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे ॲक्सलमधल्या दातेरी चक्रांच्या जोडीच्या, गुणोत्तराला (चाकाच्या एका फेऱ्यासाठी गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे किती फेरे लागतात तो आकडा) जुन्या व्यासाने गुणून नव्या व्यासाने भागले की प्रभावी गुणोत्तर मिळते. अमेरिकेत पिकअपला 31 इंची टायर काढून 35 इंची घालण्याची हौस मोठी आहे. तिथे 3.73 गुणोत्तराची गाडी या बदलाने 3.30 ची होते. फोर्डच्या एफ-150 पिकअपला कारखान्यातूनच 3.31 चा पर्याय मिळत आला आहे. म्हणजे टायर बदलून मालकाने नकळत जवळजवळ तोच घेतला. गिअरबॉक्स एकास एक गिअरमध्ये (इंजिनाचे फेरे जसेच्या तसे पुढे जातात त्या गिअरमध्ये) असताना ताशी 100 किलोमीटरला इंजिनाचे मिनिटाला सुमारे 2,500 फेरे लागत असतील, तर ते आता 2,215 च्या आसपास येतात. (भाराखाली टायर दबतो, त्यामुळे फिरतानाचा व्यास छापील व्यासापेक्षा थोडा कमी असतो. दोन्ही टायर साधारण सारखेच दबत असल्याने तुलनेत फारसा फरक पडत नाही.)

ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे आणखी कमी करणारा वरचा गिअर) नसलेल्या, मोठ्या गुणोत्तराच्या जुन्या ट्रकांना महामार्गावर इंजिन ओरडू नये म्हणून मुद्दाम मोठे टायर घालतात, आणि तिथे हा उपाय खरोखर कामाचा आहे. आजच्या बहुतेक पिकअपची गोष्ट उलटी असते. मालकाला हवी असते खडकाळ वाटेवर ॲक्सलखालची मोकळी जागा, किंवा नुसता रुबाब. गिअरमधला बदल न मागता येतो. शिवाय ती जागाही व्यासवाढीच्या निम्मीच मिळते: चार इंच मोठ्या टायरने ॲक्सल दोन इंचच वर जातो.

फरक सर्वांत आधी चढावर आणि सिग्नलवरून निघताना कळतो. गाडी पिकअप घेत नाही, ड्रायव्हर हाफ क्लचवर जास्त वेळ काढतो आणि क्लच प्लेट लवकर जाते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टॉपमध्ये टिकत नाही, गिअर सतत वर-खाली करतो आणि त्याचे तेल तापते. मोठा टायर बहुधा जडही असतो आणि वजन चाकाच्या कडेला असल्यामुळे ते फिरवायला व थांबवायला जास्त जोर लागतो. ब्रेक तेच राहतात, पण चाकाची त्रिज्या वाढल्याने तेवढ्याच ब्रेकला जमिनीवर कमी रोध मिळतो. घाट उतरताना त्याच गिअरमध्ये इंजिनाचा अटकावही तेवढाच कमी होतो. भरलेल्या ट्रकच्या बाबतीत या शेवटच्या मुद्द्याकडे हवे तितके लक्ष दिले जात नाही.

वेगाचा काटाही चुकतो. वरच्या उदाहरणात काटा 100 दाखवेल तेव्हा खरा वेग 113 च्या आसपास असतो. किलोमीटरची नोंदही तशीच कमी होते, त्यामुळे मोठ्या टायरने ॲव्हरेज पडल्याच्या पुष्कळशा तक्रारींत एक भाग चुकीच्या मोजणीचा असतो. काट्यावर 400 किलोमीटर दिसले, तर गाडी 450 च्या वर चाललेली असते. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरचा छोटा गिअर बदलून आणि नव्यांत संगणकात टायरचे माप भरून हे दुरुस्त करतात. मात्र फेरे कमी झाले म्हणून डिझेल वाचेलच असे नाही: इंजिन जास्त भाराखाली चालते आणि उंचावलेली गाडी वाराही जास्त अडवते.

खरा उपाय म्हणजे क्राऊन-पिनियन बदलणे. मूळ ओढ परत आणायला 3.73 च्या जागी गणिताने 4.21 हवे. बाजारात 4.10 आणि 4.56 सहज मिळतात. गाडीला सामान ओढायचे असेल तर मोठा आकडा बरा, कारण टायरचे वाढलेले वजन साध्या गणितात येत नाही. जीपने रँग्लर रुबिकॉनला एक्स्ट्रीम रेकॉन पॅकेजमध्ये 35 इंची टायर दिले तेव्हा नेहमीचे 4.10 सोडून 4.56 घातले, ते याच वाटेने. चारही चाकांना जोर जाणाऱ्या गाडीत पुढचे आणि मागचे दोन्ही ॲक्सल सारख्याच गुणोत्तराचे करावे लागतात. पिनियनची खोली आणि दातांमधली फट काटेकोर बसवणे हे अनुभवी हाताचे काम आहे; ते चुकले तर हाउसिंगमधून आवाज येऊ लागतो.

भारतात मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरबदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. मालवाहू ट्रकांत मापाची अदलाबदल होते ती बहुधा जवळच्याच व्यासांत: 10.00आर20 च्या जागी 295/90आर20 घातला तर प्रभावी गुणोत्तर एक-दीड टक्क्यानेच हलते. त्याहून जास्त फरक झिजेने पडतो. सुमारे 1,050 मिलिमीटर व्यासाच्या टायरची नक्षी 15 मिलिमीटर उतरली की व्यास जवळजवळ तीन टक्के घटतो. मागच्या जोड टायरांत एक नवा आणि एक घासलेला घातला तर दोघांचे फेरे एकत्र बांधलेले असल्याने लहान टायर रस्त्यावर फरफटत झिजतो आणि मोठ्यावर जास्त भार येतो.